शंभराच्या आत

बायकोलाही न सांगितलेली गोष्ट आहे. शेजारच्या बाबारावकाकांच्या मीटरवरची वीज तीन महिने मी चोरत होतो.

आर्णीत आमच्या दोन घरांची मधली भिंत एकच. काका एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. पाहुणा उंबऱ्याबाहेर पडायच्या आत दिवा बंद करणार आणि बस थांबवल्यासारखं तोंडाने म्हणणार, "टिंग." महिन्याला शंभर युनिटपुढे दर चढतो, हे त्यांचं कायमचं दुखणं. "शंभराच्या आत राह्यला, तो सुखी," असा आशीर्वाद ते नवरदेवालाही देत. रोज सकाळी स्टुलावर चढून मीटर वाचत, नाडी पाहावी तसे.

अशा माणसाचा एकच शौक मला कळत नसे. होळीनंतर रोज भर दुपारी ते मधल्या खोलीत कूलर लावत आणि स्वतः ओसरीवर पुठ्ठ्याने वारा घेत बसत. सुमनकाकू जाऊन चार वर्षं झालेली, खोलीत कोणी नाही.

"काका, आत बसा ना."

"खोली तापते बापा. तू आपलं काम कर."

माझं काम कॉम्प्युटर दुरुस्तीचं. त्यात क्रिप्टोचं मायनिंग डोक्यात शिरलं. मशीन अखंड आकडेमोड करतं आणि नशीब असलं, तर आभासी नाण्याचा कण पदरात पडतो. हिशोब केला, तर आपल्या मीटरवर धंदा बसत नव्हता. दुसऱ्याच्या मीटरवर बसत होता. माळ्यावर त्यांची वायर माझ्या हाताला लागत होती; तिला मी माझी वायर जोडली.

पहिलंच बिल चौपट आलं. काकांनी मेन स्विच पाडला, मीटरचा लुकलुकणारा लाल दिवा थांबला. "म्हणजे खाणारं घरातच हाय," ते म्हणाले. मग घराची झडती सुरू झाली. बेल काढली, टीव्ही गेला, फ्रीजमध्ये त्यांनी गहू भरून ठेवले. बिल काही उतरेना. एका सकाळी ते भिंतीला कान लावून उभे.

"काहून रे, तुह्याकडं काय घुमून राह्यलं?"

"फ्रीज आहे, काका."

"मंग विकून टाक. मले विचार, फ्रीज म्हणजे काय."

मी हसलो. त्याचीच जास्त लाज वाटते.

मे महिन्यातल्या एका दुपारी कूलर मध्येच थांबला. "टिंग" ऐकू आलं नाही. भिंतीपलीकडून हळू आवाज आला, "सुमन, तुले गरमी सोसत नाही, मले मालूम हाय. पण यंदा भागवून घे."

मी माळ्यावर चढलो आणि माझी वायर उपटली.

पुढचं बिल शंभराच्या आत आलं. काका ते नाचवत आले. "सापडला चोर. कूलरच होता. मी कायले त्या भिंतीवर आळ घेतला." मी त्यांना चहा पाजला.

त्याला दोन उन्हाळे झाले. कूलर चादर पांघरून कोपऱ्यात उभा आहे. काका आता दुपारी ओसरीवर नसतात. परवा खिडकीतून दिसले. मधल्या खोलीत रिकाम्या खाटेशी स्टूल घेऊन बसले होते आणि पुठ्ठ्याने त्या खाटेला वारा घालत होते.

कूलरचा काही दोष नव्हता, एवढं एक वाक्य मी त्यांचं देणं लागतो.