बंद असताना मोजलेला व्हॉल्व्ह

साबणाच्या कारखान्यातल्या स्टोअरच्या बाईंनी एके दिवशी घरी जेवताना जाहीर करून टाकलं, की गेट व्हॉल्व्हमधलं आपल्याला कळत नाही असं आता काही उरलेलं नाही. नवऱ्याने मुकाट मान डोलावली. गेल्या पंधरवड्यात त्याला हे चौथ्यांदा कळत होतं, आणि मान डोलावली नाही तर बाई ताटातला चमचा उचलून सगळं पहिल्यापासून समजावतात, हा अनुभव त्याच्या गाठीशी होता.

चमच्याचं प्रात्यक्षिक असं असायचं: दोन बोटांच्या फटीत चमचा खाली सोडला की पाणी बंद, वर ओढला की चालू. व्हॉल्व्हच्या पोटात पोलादाची पाचर असते, ती अशीच वर-खाली होते. तिला अधेमधे ठेवायचं नाही. अर्धवट उघडी ठेवली तर पाणी तिच्यावर आपटत राहतं, ती थडथडते, झिजते आणि पुढे धड बंदही होत नाही. पाणी कमीजास्त करायचं असेल तर दुसऱ्या जातीचा व्हॉल्व्ह घ्यावा. हा एकतर पूर्ण हो म्हणतो, नाहीतर पूर्ण नाही. ‘सासूबाईंसारखा,’ असंही बाई पुढे म्हणायच्या, पण सासूबाई हात धुवायला गेल्यावर.

एवढा उत्साह उगाच नव्हता. अकरा वर्षं बाईंनी दुसऱ्यांनी निवडलेल्या वस्तू स्टोअरच्या खिडकीतून लोकांच्या हातात दिल्या होत्या. शिक्षण बेताचं, पण खोक्यात निघालेला प्रत्येक माहितीचा कागद वाचायची खोड भारी. त्या खोडीवरच त्या शिकल्या. आता पाण्याची मुख्य लाइन बदलायची निघाली, आणि मालकांनी बऱ्याच कुरकुरीनंतर व्हॉल्व्ह निवडायचं काम बाईंना दिलं. लाइन नीट चालली तर निवडीचं काम कायमचं त्यांच्याकडे. नाही चालली तर बाहेरून इंजिनीअर येणार आणि बाई पुन्हा खिडकीत.

जुन्या व्हॉल्व्हचा दांडा जागच्या जागी फिरायचा. तो उघडा की बंद, हे बाहेरून ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. मागच्या वर्षी फिटरने उघडा व्हॉल्व्ह बंद समजून पुढचा पाइप खोलला होता आणि साबणाच्या वड्यांसकट अर्धा कारखाना फेसाळला होता. म्हणून बाईंनी निवडला उठत्या दांड्याचा. चाक फिरवत उघडत जावं तसा याचा दांडा चाकातून वर येतो. दांडा वर दिसला की चालू, दिसला नाही की बंद. लांबून, चष्मा न लावताही कळतं. निवडीत खोट काढायला जागाच नव्हती.

खोट मोजण्यात निघाली. छापील मापांवर बाईंचा काडीचा विश्वास नव्हता. माहितीच्या कागदावर उंचीचे दोन आकडे होते, एक मोठा, एक लहान. ‘एका व्हॉल्व्हला दोन उंच्या? यांचं यांनाच माहीत नाही,’ म्हणून बाईंनी कागद बाजूला सारला आणि आलेला व्हॉल्व्ह स्वतःच्या टेपने मोजला. तीनदा. तिन्ही वेळा माप एकच आलं. येणारच, कारण व्हॉल्व्ह बंद होऊन आला होता आणि तिन्ही वेळा बंदच होता.

लाइन जिथून जायची, तिथे वर पोटमाळ्यावर मालकांची केबिन. व्हॉल्व्ह बसला, चाकाच्या वर चार बोटं जागा राहिली. बाईंना ती ऐसपैस वाटली.

चाचणीच्या सकाळी पंप सुरू झाला आणि फिटर चाक फिरवू लागला. दहा-बारा फेरे लोण्यासारखे गेले. मग चाक जड झालं. फिटर म्हणाला की काहीतरी अडतंय. बाईंनी त्याला समजावलं, की नवी वस्तू पहिल्यांदा जडच असते आणि याला अर्धवट ठेवणं म्हणजे पाचरीचा जीव घेणं. फिटरने दोन्ही हात लावले. मग पाय रोवले. बाई कौतुकाने पाइपाकडे पाहत होत्या. वर कोणीच पाहत नव्हतं.

वर काय चाललं होतं ते नंतर कळलं. मालकांची थोरली बहीण आक्का, कारखान्यात निम्म्या वाट्याची, केबिनमध्ये भावाशी वाद घालत होती. निवडीचं काम बाईंकडेच ठेव, असं तिचं म्हणणं. बाहेरचा माणूस बरा, असं भावाचं. आक्काची खुर्ची नेमकी त्या सुट्या फळीवर होती, जी खालचे पाइप बघायला कधीमधी उचलतात. वाद रंगात आला आणि आक्का टेबलापलीकडे हळूहळू उंच होऊ लागली.

मालकांना वाटलं, ही रागाने उठून चालली. मागच्या वेळी आक्का रागाने उठली होती, तेव्हा सहा महिने आली नव्हती आणि एकाही कागदावर सही मिळाली नव्हती. ते घाईघाईने म्हणाले, “बस गं आक्का, बस. विचार करतो म्हटलं ना.”

आक्का बसलेलीच होती. तिला वाटलं चक्कर येतेय, म्हणून ती गप्प राहिली आणि आणखी बोटभर वर गेली.

“बरं बाई, देतो!” मालक हात जोडून म्हणाले. “काम तिच्याकडेच. लिहून देतो, पण तू खाली बस.”

त्यांनी खरंच कागद ओढून लिहिलं आणि सही केली. तेवढ्यात फळी कडाडली, आक्का ओरडली आणि खाली बाईंनी एकदाची मान वर केली. फळीला भिडलेला दांडा पाहून त्यांना दोन उंच्यांचा अर्थ एका क्षणात लख्ख समजला.

व्हॉल्व्ह बंद करवून त्या जिन्याने वर गेल्या. नव्या वस्तूवर, फिटरवर, सुतारावर, कोणावरही ढकलता आलं असतं. जिना चढताना एकेका पायरीला एकेक कारण सुचतही होतं. पण वर पोचल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “चूक माझी. बंद असताना मोजला. उघडल्यावर किती होतो, ते मोजलं नाही.”

मालकांनी सही केलेला कागद हळूच मागे ओढला. आक्काने त्यावर हात ठेवला.

“ही जिना चढून सांगायला आली,” ती म्हणाली. “तुझा इंजिनीअर आला असता?”

मग तिने खुर्ची सरकवली, खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, की फळीला भोक पाडलं तर? बाईंनी मान डोलावली. दांडा भोकातून वर येईल आणि पाणी चालू की बंद, हे मालकांना बसल्या जागी दिसेल. रोज तीनदा ‘पाणी चालू आहे का रे’ म्हणून खाली ओरडायचं त्यांचं काम त्यातून वाचत होतं. त्यांनी कागदावरचा हात काढला.

दुसऱ्या लाइनचा व्हॉल्व्ह निवडायची वेळ आली, तेव्हा बाईंनी छापील कागद आधी वाचला, दोन्ही आकड्यांसकट. मग टेप घेऊन त्या पोटमाळ्यावर गेल्या आणि ती लाइन नेमकी कशाच्या खालून जाते ते पाहून आल्या.

ती मालकांच्या संडासाखालून जात होती. बाईंनी मुकाट्याने न उठणाऱ्या दांड्याचा व्हॉल्व्ह मागवला.