कोंडूकाकांची हेरिटेज भिंत

आमच्या आळीत पाहुणा आला, की चहाच्या आधी कोंडूकाका त्याला इतिहास पाजतात. आळीचा नव्हे. मुंबईत समुद्रासमोर बड्या लोकांचा एक रस्ता आहे, तिथल्या एका इमारतीत काकांनी जन्मभर लिफ्ट चालवली. त्या रस्त्याचा. पाहुणा मयताला आलेला असला तरी सुटका नाही.

काका काठीनं मुरबाडच्या धुळीत रस्ता आखतात. ही जहाजासारख्या गोल गच्च्यांची इमारत, हिचा दगड पार पोरबंदरहून आला. हा घुमटाचा बंगला, एका व्यापाऱ्यानं बायकोसाठी बांधला आणि नातवांनी पाडून टॉवर उठवला. इथे काका टोपी काढतात, त्यामुळे पाहुण्यालाही काढावी लागते.

आळीवरही त्यांची नजर असते. मी ओट्यावर पत्रा टाकला, तेव्हा काका माझ्याशी बोलेनात. शेवटी म्हणाले, "एलिवेशनची वाट लावलीस रे."

आणि या जाणकाराचं स्वतःचं घर कसं? आळीतलं शेवटचं कुडाचं. कारवीच्या काठ्या, वर शेणामातीचं लिंपण. दिव्याखाली अंधार, असं आम्ही त्यांच्या तोंडावर म्हणायचो.

यंदा त्यांच्या मुलानं, संजयनं पक्कं घर बांधायचं ठरवलं. तो वाशिंदला कारखान्यात असतो. मागची भिंत कलली होती, पावसाळ्यात अंगावर यायची. पण काका हटून बसले. हेरिटेज आहे, हात लावायचा नाही. संजय रडकुंडीला येऊन मला घेऊन गेला.

काका माजघरात मधल्या भिंतीला टेकून बसले होते. मी म्हटलं, काका, तुमच्या त्या रस्त्यावरचे बंगलेसुद्धा पडलेच की. वाटलं, आता काठी उगारणार. पण त्यांनी माझा हात धरून भिंतीवर ठेवला. लिंपणात बोटांच्या ओळी होत्या, एकीवर एक, अर्ध्या चंद्रासारख्या. भागीकाकूंच्या. काकू गेल्यापासून तिथे कुणी सारवलं नव्हतं.

"मी हप्त्यातनं एकदा यायचो," काका म्हणाले. "तिकडं शेठलोकांना वर-खाली करीत ऱ्हायलो. हे घर तिनं एकटीनं उभं केलं. मी तिकडच्या बिल्डिंगी सांगायचो, ती लिंपता लिंपता ऐकायची. एकदा दाखव म्हनायची. नाय दाखवलं."

काका भिंतीकडेच बघत होते.

"तिचा फोटो पन नाय रे आमच्याकडं. हा हात तेवढा ऱ्हायलाय."

दारात संजय उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो आत आला, खिशातून घराचा नकाशा काढून जमिनीवर पसरला आणि बापाशेजारी मांडी घालून बसला.

"बाबा, मधली भिंत ठेवू," तो म्हणाला. "बाकीचं घर तिच्या भोवतीनं बांधू. कसं बसवायचं, सांगा तुमी."