शून्य बिघाड

कपाटवाल्यांची पिकअप गाडी इतक्या वर्षांत एकदाही बंद पडली नव्हती. हे विधान ते दुकानात करत, न्हाव्याच्या खुर्चीत मान वाकवून करत, आणि कुणी विचारलं नसलं तरी करत. लोखंडी कपाटं बनवून घरोघर पोचवणं हा त्यांचा धंदा. अभिमान मात्र कपाटांचा नव्हता, गाडीचा होता.

आता अधूनमधून तिचं इंजिन फिरायचं थांबे, हे खरं. पण थांबणं वेगळं आणि बंद पडणं वेगळं. जुन्या पिकअप मालकांच्या मंडळानं याबाबत रीतसर ठराव केला होता: जी गाडी माणसांच्या मदतीनं पुन्हा सुरू होते, तिच्यात बिघाड झाला असं म्हणता येणार नाही. ठराव एकमतानं मंजूर झाला. अध्यक्ष त्या सभेला शेजाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून आले होते.

अशा निर्दोष गाडीचं करावं लागतं तरी काय? फारसं काही नाही. ती चावीनं सुरू होत नसे, म्हणून उतारावर उभी करावी लागे. घरासमोर उतार नव्हता, म्हणून कपाटवाल्यांनी घर बदललं. चालकाचं दार आतून उघडत नसे, म्हणून बाहेरून उघडायला सोबत कुणीतरी लागे. ते खातं बायकोकडे आलं. सपाटीवर ढकलायला आणखी एक गडी हवा, तेव्हा मुलीसाठी स्थळं बघताना ती अट आपोआपच आली. चांगल्या नोकरीचा एक मुलगा अंगानं किरकोळ निघाला म्हणून नाकारला गेला. शेवटी व्यायामशाळेत जाणारा जावई मिळाला. पुढे त्यांचा संसारही बरा झाला, ही त्यातली जमेची बाजू.

भाचीच्या लग्नाला जाताना गाडी भर चौकात थांबली. नव्या चपला काखोटीला मारून, भोंग्यांच्या गजरात बायकोनं एकटीनं ती ढकलत कडेला नेली. तिथं तिचा संयम सुटला.

"आता एक तर ही राहील, नाहीतर मी."

"अगं, पण तिनं आजवर कधी दगा दिलाय का?"

"तिनं नाही दिला. तुम्ही दिलात."

दोन दिवस घासाघीस झाली. मग तोडगा निघाला: मंडळानं येऊन गाडी तपासायची. विश्वासू ठरली तर राहील, नाहीतर थेट भंगारात. गाडी कागदोपत्री बायकोच्याच नावावर असल्यानं कपाटवाल्यांना ते कबूल करावं लागलं. तपासणीच्या दिवशी ते सकाळपासून गाडी पुसत होते. "आज तेवढी अब्रू राख गं माझे आई," असं बॉनेटवर हात ठेवून पुटपुटत होते. एवढी माया बायकोनं पूर्वी एका आजारपणात बघितली होती, तेही तिच्या नव्हे, गाडीच्या.

मंडळाची समिती आली ती पायी.

"तुमच्या गाड्या कुठायत?" बायकोनं विचारलं.

"वाटेत विसावा घेतायत," अध्यक्ष म्हणाले आणि कामाला लागले.

चाकं मोजली, चारही जागेवर होती. भोंगा वाजला नाही, तेव्हा 'स्वभावानं शांत' असा शेरा पडला. एका आरशाची नुसती चौकट उरली होती. त्यावर 'मागचं विसरून पुढे बघणारी' असं मत नोंदवण्यात आलं.

"ते सगळं राहू द्या," बायको म्हणाली. "चावीनं सुरू होते का?"

"वहिनी, चावी हा गाडी सुरू करण्याच्या अनेक मार्गांपैकी एक मार्ग आहे."

"बरं. मग मी आत बसते. तुम्ही ढकला."

बायकोला गाडी चालवता येत होती. तिची पाळीच कधी आली नव्हती, इतकंच. समितीनं बाह्या सरसावल्या, कपाटवाल्यांनी खांदा लावला. गाडीनं एक गचका दिला आणि धडधडत सुरू झाली.

"पहिल्याच दमात!" धुरानं काळेठिक्कर पडलेले अध्यक्ष ओरडले. "शून्य बिघाड!" टाळ्या झाल्या. त्या ओसरल्या तेव्हा गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झालेली होती.

संध्याकाळी बायको चालत घरी आली.

"कुठं थांबली गं?" कपाटवाल्यांनी आशेनं विचारलं. वाटेत थांबली असेल तर अजून आणता येईल, असा त्यांचा हिशेब होता.

"कुठंच नाही. भंगारवाल्याच्या दारापर्यंत एका दमात गेली."

कपाटवाल्यांचा ऊर भरून आला, डोळ्यांना धार लागली. गाडी गेली होती, पण शब्द राहिला होता.

"बघ! मी म्हणत नव्हतो?"

"म्हणत होतात ना. म्हणून तर ती भंगारात गेली नाही. तिथं एक भाजीवाला जुनी गाडी शोधत आला होता. मालकाचा अनुभव काय, म्हणाला. मी तुमचंच वाक्य सांगितलं, एक अक्षर बदललं नाही. फक्त इंजिन बंद केलं नाही. चालतीच त्याच्या हवाली केली." तिनं घट्टे पडलेले तळहात पदराला पुसले. "त्याची बायको मात्र माझ्याकडे नुसती बघत राहिली."

तेव्हा आपणही जुनी गाडी घ्यायच्या विचारात असाल, तर मालकाचा अनुभव जरूर विचारा. तो खोटं बोलणार नाही. निघण्यापूर्वी त्याच्या घरच्यांचे तळहात तेवढे बघून घ्या. आणि घरी पोचलात की आपल्या घरच्यांचेही.