अडतिसाव्या मिनिटाचा गोल

अडतिसाव्या मिनिटाला स्टेडियममधला आवाज एकसष्ट डेसिबल होता. दोन माणसं समोरासमोर बसून बोलत असली की साधारण तेवढा होतो. इथे बावीस हजार माणसं बसली होती आणि त्यांच्या समोर फुटबॉलचा सामना चालू होता.

नियंत्रण कक्षात मीटरसमोर बसलेल्या बाईंनी चष्मा पुसला आणि आकडा पुन्हा वाचला. एकसष्टच. क्लबमध्ये त्यांना सगळे डेसिबलबाई म्हणत. त्याआधी त्या एका प्रयोगशाळेत छताच्या पंख्यांचा आवाज मोजत असत आणि तो कमी कसा होईल ते सांगत असत. इथे काम बरोबर उलटं होतं. जुनं स्टेडियम पाडून नवं बांधलं आणि प्रेक्षकांचा आवाजच बसला. जुन्या फळ्यांच्या बाकांवर लोक दाटीवाटीने उभे राहून घसा फुटेपर्यंत ओरडायचे. नव्या स्टेडियममध्ये गादीच्या खुर्च्या आल्या, कॉफीचा कप ठेवायला हाताशी खाच आली, मोबाइल चार्ज करायची सोय आली. लोक येत, ऐसपैस बसत, मैदानाकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढत आणि मग तो फोटो कुणाकुणाला आवडला ते बघत सामना संपवत. टीव्हीवर बघणाऱ्यांना वाटे, वाचनालयात कुणीतरी चेंडू घेऊन शिरलंय.

व्यवस्थापक साहेबांनी डेसिबलबाईंना तीन सामन्यांची मुदत दिली होती. आज तिसरा. आजचा दिवस धड पार पडला तर कायम नोकरीचं पत्र, नाहीतर नमस्कार. पंख्यांकडे परत जायचीही सोय नव्हती. तिथे त्यांच्या जागेवर दुसरी मुलगी येऊन रुळलीसुद्धा होती.

त्यांनी बेत नीट आखला होता. जुन्या स्टेडियममधल्या गर्दीचं ध्वनिमुद्रण क्लबकडे पडून होतं. त्यातून त्यांनी चार आवाज कापून घेतले आणि शास्त्राच्या विद्यार्थिनीला शोभेल असे चढत्या क्रमाने लावले: कुजबुज, टाळ्या, थोडक्यात हुकल्याचा ‘अरेरे’, आणि सर्वांत वर गोलची आरोळी. माणसांचा आवाज साठच्या खाली गेला की यंत्राने पहिली पायरी लावायची. माणसं चेकाळली की थांबायचं, नाही चेकाळली तर पुढची पायरी. यंत्राने आपल्याच आवाजावर समाधान मानू नये म्हणून तो वजा करून फक्त माणसांचा मोजायची तजवीजही केली होती. चाचणी घरीच घेतली, सासऱ्यांवर. मामंजींनी पहिल्याच पायरीला अशी काही आरोळी ठोकली की वरच्या मजल्यावरची माणसं धावत खाली आली. चौथ्या पायरीपर्यंत पोचायची वेळ येईल, असं मग कुणाच्या मनात येणार?

अडतिसाव्या मिनिटाला क्लबच्या ॲपवर प्रश्नमंजूषा सुरू झाली. पहिल्या शंभर अचूक उत्तरांना कर्णधाराच्या सहीचा शर्ट. बावीस हजार माना एकदम खाली गेल्या. शोकसभेतसुद्धा इतक्या एका वेळी जात नाहीत.

मीटर पंचावन्नवर आला. यंत्राने कुजबुज लावली. माना खालीच. टाळ्या लावल्या. कुणी हललं नाही. ‘अरेरे’ लावलं. एका बाईने शेजारणीला विचारलं, “अहो, पहिल्या प्रश्नाचं उत्तर ब की क?” मीटर त्रेपन्न.  पुढची पायरी कुठली ते डेसिबलबाईंना आठवलं आणि त्यांनी बटणाकडे हात नेला, पण तोवर छतावरच्या चौसष्ट कर्ण्यांतून जुन्या स्टेडियमची गोलची आरोळी कोसळली.

शेजारच्या खुर्चीत गोलांचा फलक सांभाळणारे फलककाका शब्दकोडं सोडवत होते. त्यांनी मान वर न करता डाव्या हाताने लाल बटण दाबलं. भल्यामोठ्या फलकावर आकडे उमटले: यजमान एक, पाहुणे शून्य.

“काका! हे काय केलंत?”

“गोल दिला.”

“कुणी मारला?”

“ते बघणं माझं काम नाही, पोरी. जुन्या खोलीत माझ्या डोळ्यांपुढे खांब होता, डावीकडचा गोल कधी दिसलाच नाही. आपल्या लोकांनी आरोळी ठोकली की आपला, उसासा टाकला की त्यांचा. एकतीस वर्षांत एकदा चुकलो नाही.”

“पण इथे खांब कुठंय? समोर अख्खी काच आहे!”

“आहे की. पण बघण्यात माणसाची चूक होऊ शकते,” काका शांतपणे म्हणाले.

पुढचं सगळं आपोआप झालं, कारण नव्या स्टेडियममध्ये सगळं एकमेकांना जोडलेलं होतं. फलकावरून ॲपला कळलं आणि बावीस हजार मोबाइल थरथरले: ‘गोल!’ बावीस हजार माना वर आल्या. लोक उठले, मिठ्या मारू लागले. चारी कोपऱ्यांतल्या नळकांड्यांतून रंगीत कागदांचे तुकडे उडाले. पलीकडच्या खोलीतल्या निवेदकाने तोंडातलं सँडविच घाईघाईने गिळलं आणि माइक तोंडाशी धरला. गोल कुणी मारला ते त्याने पाहिलं नव्हतं, तेव्हा त्याने गेल्या मोसमात शेवटचा गोल मारणाऱ्याचं नाव ठोकून दिलं. “नऊ नंबर! आपला नऊ नंबर!”

नऊ नंबर गुडघ्यावर बर्फाची पिशवी घेऊन बाकावर बसला होता. त्याने आधी गुडघ्याकडे पाहिलं, मग फलकाकडे, आणि मग उभा राहून लोकांना हात हलवला.

मैदानात बावीस खेळाडू जागच्या जागी थिजले होते. चेंडू बाहेर गेला होता आणि तो कुणी आत टाकायचा यावरचा दोघांचा वाद अर्ध्यावरच थांबला होता. रेफ्रीने फलक पाहिला, आपली शिट्टी पाहिली आणि ती आपण वाजवली होती का, हे आठवायचा प्रयत्न केला.

डेसिबलबाईंनी कर्ण्यांचा मुख्य खटका बंद केला. तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. मामंजी. त्यांच्याकडे साधा फोन होता, त्यात ॲप नव्हतं, म्हणून आज स्टेडियममध्ये सामना बघणारे बहुधा ते एकटेच होते.

“सूनबाई, कुठला गोल? मी डोळे फाडून बघतोय, गोल झालाच नाही!”

“माहीत आहे, मामंजी. माझ्या हातून झालाय.”

“तुझ्या? तू तर वर बसतेस ना गं!”

त्यांना काही सांगायच्या आत टेबलावरचा फोन वाजला. काचेच्या खोलीतून साहेब होते, प्रायोजकांबरोबर. “मॅडम! वा! काय आवाज! पाहुणे थक्क झालेत. पत्र काढून ठेवलंय, सामना संपला की सही करतो.”

डेसिबलबाईंनी फोन ठेवला. दोन मिनिटं गप्प बसलं तर पत्र मिळत होतं. सगळे खूश होते, नऊ नंबर तर भलताच खूश होता. पण फलकावर एक होता आणि खरं उत्तर शून्य होतं. चुकीचा आकडा समोर दिसत असताना त्यांना घास गिळता येत नसे; प्रयोगशाळेत एकदा अर्ध्या डेसिबलसाठी त्यांनी तीनशे पंखे परत उतरवायला लावले होते.

“काका, एक काढा.”

“एकतीस वर्षांत दिलेला गोल कधी काढला नाही.”

“मग मी काढते,” असं म्हणून त्यांनी स्वतः बटण दाबलं.

फलकावर शून्य आलं. मोबाइल पुन्हा थरथरले: ‘गोल रद्द.’  कुठूनतरी एक आवाज उठला, “का रद्द?” आणि बांध फुटला.

“डोळ्यांनी बघितलाय मी! वरच्या कोपऱ्यातून गेला!”

“डाव्या पायाने मारला, डाव्या!”

“कीपर जागचा हलला नाही!” हे मात्र खरं होतं. कीपर त्या वेळी खांबाला टेकून पाणी पीत होता.

लोक खुर्च्यांवर चढले. कॉफीचे कप गडगडत खाली गेले. रेफ्रीने दोन्ही हात पसरून आपण काहीच रद्द केलेलं नाही असं सांगायचा प्रयत्न केला, आणि ती रद्दची खूण समजून लोक आणखी पेटले. सगळ्यात जोरात भांडत होता नऊ नंबर. बर्फाची पिशवी हातात घेऊन तो मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या चौथ्या रेफ्रीला सांगत होता, की अहो, एखाद्याने मेहनतीने मारलेला गोल असा कसा काढून घेता? मध्यंतरात खाण्याचे स्टॉल ओस पडले. कुणी जागचं उठायला तयार नव्हतं. उत्तरार्धात रेफ्रीच्या पायाला चेंडू लागला तरी स्टेडियम हादरत होतं. दोन कोपऱ्यांतून गाणी सुरू झाली, ती लोकांनी तिथल्या तिथे रचली होती आणि त्यातल्या एकाही ओळीचा उच्चार घरात करण्यासारखा नव्हता.

मीटर एकशे तीनवर होता. डेसिबलबाईंनी तो टिचकी मारून पाहिला. एकशे चार.

टेबलावरचा फोन पुन्हा वाजला. “मॅडम, जरा कमी करा हो. पाहुण्यांना आपसांत बोलता येईना.”

“साहेब, तो माझा आवाज नाही.”

“मग कुणाचा?”

“माणसांचा.”

 साहेबांनी दबक्या आवाजात विचारलं, “आपल्या माणसांचा?”

सामना शून्य-शून्य सुटला, पण लोक बाहेर जाईनात. मामंजींचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज चिरकला होता.

“सूनबाई, काय मजा आली! घसा पार बसला बघ.”

“मामंजी, तुम्ही कशाला ओरडत होता? गोल झाला नव्हता, हे तुम्हाला माहीत होतं.”

“माहीत होतं ना. शेजारच्याला मी पंधरा मिनिटं तेच समजावत होतो. पण मग तो म्हणाला, आजोबा, गोल राहू दे, रेफ्री कसा वाटतो ते सांगा. आता रेफ्रीबद्दल विचारल्यावर माणूस गप्प कसा बसणार?”

दार उघडून साहेब आत आले. टाय सैल झाला होता आणि शर्टाला रंगीत कागद चिकटले होते. डेसिबलबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं: चार पायऱ्या, चढता क्रम, वजाबाकी, मामंजींवरची चाचणी. फलककाकांचा भाग त्यांनी गाळला. काकांनीच तो भरून काढला. “बटण मी दाबलं,” ते म्हणाले, “आणि माझ्या मते गोल होता.”

साहेब मटकन खुर्चीत बसले. “म्हणजे गोल झालाच नव्हता?”

“नाही.”

“पण मी पाहिला. डाव्या पायाने...” ते मध्येच थांबले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. खाली लोक अजून गात होते. “प्रायोजक पुढच्या सगळ्या सामन्यांना येतो म्हणतायत. तिकीट खिडकीवर रांग लागलीय. बारा वर्षांत पहिल्यांदा.”

“मी सामान आवरते,” डेसिबलबाई म्हणाल्या.

साहेबांनी खिशातून पत्र काढलं, टेबलावर ठेवून सही केली आणि त्यांच्यापुढे सरकवलं. डेसिबलबाईंनी ते दोनदा वाचलं. नोकरी कायम होती.

“एकच करा,” साहेब म्हणाले. “पुढच्या वेळी गोल कितव्या मिनिटाला रद्द करायचा ते मला आधी कळवत जा. म्हणजे पाहुण्यांना तेवढ्यापुरतं जेवायला बसवता येईल.”

डेसिबलबाईंनी पत्राची घडी घालून ते पर्समध्ये ठेवलं. मग त्यांनी कामाचाच प्रश्न विचारला.

“आणि साहेब, आपल्या टीमने मध्येच खरा गोल मारला तर?”

साहेबांनी पेनाचं टोपण लावता लावता त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

“या मोसमात?”