अण्णांचा श्रावण आणि श्रियाची अळी

विमलाबाईंचा हात टाकळ्याकडे गेला तो सवयीने. बाळकुमला सातव्या मजल्यावर, गॅलरीतल्या कुंडीत, ऐन श्रावणात कोवळा टाकळा माजलेला दिसला की कोकणात जन्मलेली बाई दुसरं काय करणार? शेंडे खुडले, धुतले, चिरले, परतले. अण्णांनी भाजी दोनदा मागून घेतली.

"आज भाजीला चव आलीये हं!"

दुपारी नात श्रिया शाळेतून आली, दप्तरासकट गॅलरीत गेली आणि तिथूनच किंचाळली, "आजी! माझी अळी कुठाय?"

"कसली गं अळी?"

"पिवळ्या फुलपाखराची! टाकळा तिच्यासाठीच लावलेला ना मी! आज-उद्या कोश करणार होती. पानासारखीच हिरवी होती... आजी, तू भाजी केलीस?"

विमलाबाईंनी रिकाम्या कढईत डोकावून पाहिलं. पाला निवडला होता, पण चष्म्याशिवाय.

आतून अण्णा आले. श्रावणात कांदा-लसूण बंद, अंड्याचा केक घरात आला तर स्वतः शेजारच्या खोलीत, असं चाळीस वर्षांचं व्रत.

"म्हणजे मी..."

"नसेल हो! आणि असली तरी," विमलाबाई घाईने म्हणाल्या, "जन्मभर टाकळाच खात होती ती. तशी शाकाहारीच की!"

"बकरी काय मटण खाते?" अण्णा गरजले.

दुसरा दिवस, रविवार, त्यांनी नुसत्या दूध-पाण्यावर काढला. श्रियाने घर पालथं घातलं. कुंड्यांमागे, पडद्यांत, चपलांच्या स्टँडखाली. अळी नाही. मग ती आजीशी बोलेनाशी झाली आणि अण्णांच्या ओरडण्यापेक्षा ते विमलाबाईंना जास्त लागलं. एकच जागा शोधायची राहिली होती. गॅलरीच्या टोकाला, वेगळ्या दोरीवर, अण्णांचं श्रावणी सोमवारच्या पूजेचं रेशमी सोवळं वाळत होतं. त्याला कुणी शिवायचं नाही, हा घरचा कायदा.

सोमवारी अण्णा आंघोळ करून पंचा गुंडाळून सोवळं घ्यायला गेले, ते तिथेच थिजले. सोवळ्याच्या घडीवर हिरवा कोश! शेपूट चिकटवलेली, कमरेला रेशमाचा एक धागा, आणि झोपाळ्यावर रेलावं तसा निवांत.

"श्रिये, धाव! मी नाही खाल्ली!"

श्रिया धावली, आणि आधी आजोबांचाच हात धरला. "काढायचं नाही हां! धागा तुटला तर मरेल ती. आठ-दहा दिवस असंच राहू दे."

"आणि मी पूजा कशात करू?"

"बाबाची बर्म्युडा आहे ना!"

त्या सोमवारी महादेवाला अभिषेक झाला तो नारळाची झाडं छापलेल्या बर्म्युडात. पण अण्णांचा तोरा उतरला नाही. गॅलरीत कुणी पाऊल टाकलं की देवघरातून आवाज यायचा, "लांबून! शिवू नका, तो सोवळ्यात आहे!"

नवव्या दिवशी सकाळी कोशाचं कवच काचेसारखं झालं, आतले पिवळे पंख दिसायला लागले. मग ते उकललं. चुरगळलेलं, ओलं फुलपाखरू सोवळ्याला लोंबकळत पंख वाळवत बसलं आणि तिघंही गॅलरीच्या दारात उभी राहिली. ते उडालं तशी श्रिया आजीच्या कुशीत शिरली.

"एक कळत नाही," अण्णा सोवळं झटकत म्हणाले. "अळी तर इथे होती. मग त्या दिवशी भाजीला चव कसली होती?"

विमलाबाईंना फोडणीतल्या चार पाकळ्या आठवल्या. टाकळा चिरला की हात आपोआप लसणाकडे जातो, त्याला त्या तरी काय करणार?

"कोवळा होता हो पाला," त्या म्हणाल्या, आणि फुलपाखरू गेलं त्या दिशेला फार लक्ष देऊन बघत राहिल्या.