गणपूर्ती

इस्त्रीवाला धापा टाकत वॉर्ड ऑफिसात पोहोचला, तेव्हा साडेदहा वाजले होते. हॉलमध्ये पन्नास खुर्च्या आणि माणसं दोन: मंचावर साहेब, दाराशी कारकून.

रस्तारुंदीत त्याच्या दुकानाची पुढची चार फूट जागा जाणार होती. इस्त्रीचं टेबल नेमकं तिथेच होतं.

"साहेब, हे खरेदीखत. जागा माझ्या नावावर आहे."

"असू दे की. जागा तुमचीच राहील. तिच्यावरून फक्त रस्ता जाईल."

"मग माझी हरकत लिहून घ्या!"

"अकरापर्यंत दहा रहिवासी जमले, तरच सुनावणी. त्याशिवाय गणपूर्ती होत नाही."

हरकत ऐकूनच घेतली नाही, तर बुलडोझर दारात उभा राहायचा! इस्त्रीवाला तसाच गल्लीत धावला. दिसेल त्या गिऱ्हाइकाचा हात धरू लागला.

"अहो, माझी पँट..." मुख्याध्यापक म्हणाले.

"पँट मिळेल. आधी सुनावणी!"

अकराला पाच कमी असताना तो धरून नऊ झाले. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. इस्त्रीवाल्याने बायकोला फोन केला.

"दुकान टाक आणि ये!"

"अहो, सगळे कपडे उघड्यावर..."

"राहू दे! पळत ये!"

अकराच्या ठोक्याला ती दारात पोहोचली. साहेब खूश झाले. इस्त्रीवाला पोटतिडकीने बोलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आता मत घेऊ. रस्ता रुंद व्हावा, असं कोणाला वाटतं?"

आठ हात वर गेले.

"गुरुजी, तुम्हीसुद्धा?"

"वाईट वाटून घेऊ नका," मुख्याध्यापक ओशाळून म्हणाले, "पण तुमच्या टेबलापाशी रिक्षा वळत नाही हो. मत विचारलं, तर खरं सांगायला नको?"

आठ विरुद्ध दोन. ठराव मंजूर.

हॉल रिकामा झाल्यावर कारकून रजिस्टर मिटत म्हणाला, "कमाल केलीत राव! आधी दोनदा सुनावणी लावली, चिटपाखरू फिरकलं नाही. ही शेवटची होती. आज दहा भरले नसते, तर ठराव कायमचा बारगळला असता."

इस्त्रीवाला मटकन खुर्चीत बसला.

"म्हणजे," बायकोने सावकाश विचारलं, "मी आले नसते, तर दुकान वाचलं असतं?"

"हो ना, वहिनी."

तिने पदर खोचला आणि नवऱ्याकडे वळली.

"आणि मला फोन कोणी केला होता?"