वडिलांचं आग्रहाचं निमंत्रण

छापखान्याच्या काचेमागे स्वतःच्याच लग्नाची पत्रिका टांगलेली पाहून दाताच्या डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. पत्रिका देखणी होती. वर ठळक अक्षरांत वडिलांचं नाव, शेजारी आईचं आणि खाली, 'आमच्या चिरंजीवांच्या विवाहास आपण अगत्यानं यावं, ही आग्रहाची विनंती.' अडचण एवढीच, की ही आग्रहाची विनंती करणाऱ्या वडिलांना चिरंजीवांचं लग्न ठरल्याचा पत्ताच नव्हता.

डॉक्टर एरवी भित्रे नव्हते. दिवसभर लोकच त्यांना भिऊन खुर्चीत अंग चोरत. पण वडिलांपुढे त्यांची मांजर होई. वडील ड्रायव्हिंग लायसन्सची परीक्षा घेणारे साहेब म्हणून निवृत्त झाले होते. सख्ख्या मेव्हण्याला त्यांनी नापास केलं होतं, मुलाला तर दोनदा. त्यांच्याशी भर रस्त्यात हुज्जत घालून, वर तक्रार ठोकून, दुसऱ्या साहेबाकडून पास होऊन दाखवणारी एकच मुलगी निघाली. तिचा विषय निघाला की अजूनही त्यांच्या हातातला चहा गार होई. डॉक्टरांचं लग्न नेमकं तिच्याशीच ठरलं होतं.

मजकूरही तिचाच. "दोन्हीकडच्या आईवडिलांची नावं हवीतच. नावांशिवाय पत्रिका म्हणजे पळून गेल्याची बातमी. तू घरी सांगितलंयस ना?"

"सांगितलंय की," डॉक्टर तेव्हा म्हणाले होते. आई मावशीकडून परतली की तिच्या पदराआडून सांगून टाकू, असा त्यांचा बेत होता.

आता ते धावतच छापखान्यात शिरले. "अहो, ती काचेतली पत्रिका आधी काढा!"

"का बरं? नमुना म्हणून लावलीय. लोक थांबून वाचतात," छापखानेवाला कौतुकानं म्हणाला. "काल तुमचे वडीलही थांबले होते."

डॉक्टरांनी काउंटर घट्ट धरला. "वाचली त्यांनी?"

"वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग आत येऊन बसले आणि पाणी मागितलं."

"काही बोलले का?"

"'माझ्याच मुलाची आहे' एवढंच बोलले आणि पत्रिकांचा गठ्ठा घेऊन गेले."

 काल रात्री जेवताना वडिलांनी चकार शब्द काढला नव्हता. उलट "अजून थोडं घे रे" असा आग्रह केला होता. नापास करायच्या आधी ते असेच गोड बोलत, हा डॉक्टरांचा जुना अनुभव होता.

दवाखान्यात पोचतात तर मामा हजर! "लबाडा, अभिनंदन! भावोजी सकाळी स्वतः येऊन पत्रिका देऊन गेले. मला नापास केल्यापासून पायरी चढले नव्हते."

"चिडले होते का हो?"

"छे! इतकं मऊ बोलत होते की मीच घाबरलो. जाताना विचारलं, 'तुम्हाला आधी कळलं होतं का?' मी आपलं हो म्हटलं. सख्ख्या मामालाच माहीत नाही, हे बरं दिसतं का?"

डॉक्टरांना वडिलांचा डाव लख्ख दिसला. सारा गोतावळा हॉलमध्ये जमवायचा आणि सगळ्यांदेखत मुलाला उभा सोलायचा. त्या दिवशी एका पेशंटचा धडधाकट दात केवळ तो वेळेवर बोंबलला म्हणून वाचला.

संध्याकाळी वडील खोलीत पत्रिका हातात घेऊन बसले होते. "बस," ते म्हणाले. डॉक्टर खुर्चीत अंग चोरून बसले.

"बाबा, मी सांगणारच..."

"सांगितलं होतंस तू. मला सगळं आठवतंय," वडील घाईघाईनं म्हणाले. "फक्त कधी सांगितलंस, तेवढं जरा... म्हणजे आठवतंय, पण तूच सांग."

पत्रिकेतल्या एकेका ओळीवरून ते पुन्हा पुन्हा बोट फिरवत होते. थोरले काका अखेरच्या दिवसांत स्वतःच्या मुलांना 'आपण कोण?' असं विचारायचे, हे डॉक्टरांना आठवलं. वडील त्यांच्या उशाशी बसलेले असत. म्हणजे हा राग नव्हताच. वडील घाबरले होते, आणि आईला फोन करून विचारायचीही त्यांची हिंमत झाली नव्हती.

नुसतं 'मागच्या महिन्यात' म्हटलं असतं, तरी डॉक्टरांची मान सुटत होती. तो शब्द जिभेवर आलाही होता. पण ओळींवरून फिरणाऱ्या त्या बोटाकडे बघून त्यांना रडूच फुटलं.

"नाही सांगितलं, बाबा. तुम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. आईलाही माहीत नाही. मी घाबरलो होतो."

"तुझ्या मामाला तर माहीत होतं!"

"मामा थापा मारतात."

"शप्पथ?"

"शप्पथ."

वडिलांनी त्यांना करकचून मिठी मारली. "म्हणजे माझं डोकं शाबूत आहे! अरे, कालपासून डोळ्याला डोळा लागलेला नाही. आणि मुलीचं नाव वाचून तर खात्रीच पटली की माझं डोकं गेलं. शुद्धीवर असताना मी हिला होकार देईन का?"

मिठी हळूहळू सैल झाली. वडिलांनी चष्मा चढवून पत्रिका पुन्हा वाचली. त्यांच्या कपाळावर परीक्षा घेणाऱ्या साहेबाची जुनी आठी परतलेली पाहून डॉक्टरांना आनंद झाला आणि धडकीही भरली.

"मग आता, बाबा?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"आता काय, कपाळ! विसरलो हे कुणाला कळू नये, म्हणून सगळा गठ्ठा मी स्वतःच्या हातानं वाटून आलोय. परत मागायला गेलो, तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं."